ओघवतं म्हणू नका

शाळेत रुजू होऊन मला तीन आठवडे झाले होते. आठवीच्या निबंधांचा गठ्ठा तपासून टेबलावर ठेवला आणि मी चहाला गेले. परत आले तर शेंडगे सर माझ्या खुर्चीत बसून त्या वह्या चाळत होते. प्रत्येक वहीचं शेवटचं पान उघडायचं, माझा शेरा वाचायचा आणि वही बाजूला ठेवायची, असं त्यांचं चाललं होतं.

"बाई, अकरा पोरांची भाषा ओघवती हाय म्हणता?"

"हो सर. चांगलं लिहिलंय त्यांनी."

"ओघवती म्हणजे काय?"

मी मराठीची एम. ए. होते, नुकतीच बी. एड. झाले होते. आवाजात थोडा तोरा आला असणार. म्हटलं, "प्रवाही. सहज वाहणारी. कुठेही न अडखळता पुढे जाणारी."

"कुठं जाणारी?"

मी त्यांच्या हातातल्या वहीवरचं मुलीचं नाव वाचायला लागले.

"वाहतंय ते कुठंतरी जातं. जाताना काहीतरी घेऊन जातं. ह्या पोरीची भाषा कुठं चाललीया, ते तिला विचारलं का तुम्ही?" त्यांनी वह्या माझ्याकडे सरकवल्या. "अर्थ सांगता येईना तोवर ओघवतं म्हणू नका. चांगलं वाटलं तर 'आवडलं' म्हणा. ते खरं तरी असतं."

घंटा झाली आणि ते वर्गावर गेले. त्या दिवशी हा माणूस मला अजिबात आवडला नाही.

सर मूळचे जतकडचे, मेंढपाळाच्या घरातले. वर्षातले काही महिने शाळा आणि बाकीचे महिने वडिलांच्या मेंढरांमागे, असं करत ते शिकले. शिकून सांगलीत मराठीचे शिक्षक झाले, तरी अंगातली ती चाल गेली नव्हती. दोन तासांच्या मधे ते व्हरांड्यात उभे राहायचे ते फळ्यावर रेघा मारायची लांब लाकडी पट्टी मानेमागे आडवी टाकून, दोन्ही मनगटं तिच्यावर लोंबकळत ठेवून. माळावर काठी टाकून उभे राहतात तसं. नवीन मुलं हसायची, जुनी हसत नसत. उंच, वाळके, कपाळावर कायम दोन आठ्या. लाल पेन त्यांनी कधी वापरलं नाही. वह्या पेन्सिलीनं तपासायचे. "पोराचं वाक्य खोडायचा हक्क पोराचा," म्हणायचे.

वर्गात प्रमाण मराठी बोलायचे, स्वच्छ आणि हळू. वर्गाबाहेर पाऊल पडलं की आमी, तुमी, न्हाई, व्हय. आणि दोन्हीकडे थांबत बोलायचे. शब्द उच्चारण्याआधी तो हातात घेऊन वजन बघतायत असं वाटायचं. नवीन माणसाला वाटे, हा माणूस अडखळतो. मलाही तसंच वाटलं होतं.

त्यांच्याकडे वह्या होत्या. जाड पुठ्ठ्याच्या, लांबट. एकेका शब्दाला चार-पाच पानं. शब्दाचा अर्थ नाही लिहायचे. तो शब्द कोणी वापरला, कुठे, कशासाठी, एवढंच लिहायचे. एकदा त्यांनी मला ओघ या शब्दाची पानं दाखवली. 'बोलण्याच्या ओघात बोलून गेलो : बँकेतला शिपाई, माफी मागताना.' 'ते ओघानं आलंच : लग्नाची बैठक, मुलाचा मामा, मानपानाबद्दल.' 'मदतीचा ओघ सुरू झाला : पेपर. मदत कोणाला मिळाली ते पेपरात नाही.' 'अश्रू ओघळले : नववीतली मुलगी, निबंधात. विचारल्यावर म्हणाली, आजीचे, कांदा चिरताना.' सगळ्यात खाली पेन्सिलीनं एक ओळ होती : 'माणूस ओघाचं नाव घेतो तेव्हा बहुतेक वेळा अंग काढून घेत असतो.'

"म्हणून राग आहे तुमचा या शब्दावर?" मी विचारलं.

"राग न्हाई, बाई. भ्या वाटतं."

ते हसले नाहीत. म्हणून मीही हसले नाही.

त्या भीतीचं कारण मला पुढच्या वर्षी कळलं. साताऱ्याला वक्तृत्व स्पर्धा होती, सर परीक्षक होते आणि मी आमच्या शाळेच्या मुलींना घेऊन गेले होते. विषय होता 'सैनिक'. साताऱ्याच्या सभागृहात हा विषय म्हणजे प्रत्येक रांगेत कोणाचा तरी मुलगा, जावई, भाऊ फौजेत. पाचगणीच्या एका निवासी शाळेची मुलगी बोलायला उभी राहिली आणि सात मिनिटं सभागृह तिच्या मुठीत होतं. एकही अडखळ नाही. हात कुठे उचलायचा, आवाज कुठे खाली आणायचा, सगळं बसवलेलं. टाळ्या थांबेनात.

सरांनी माईक ओढला. परीक्षकांना प्रश्न विचारायची मुभा होती, पण कोणी विचारत नसे.

"बाळ, तू 'हौतात्म्याची परंपरा' म्हणालीस. म्हणजे काय गं?"

मुलीनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितकंच सुंदर.

"ते ऐकलं. म्हणजे कोणाच्या घरात काय झालं?"

मुलगी थांबली. तोंड उघडं राहिलं. पाठ केलेलं सगळं एकदम कुठेतरी निघून गेलं असावं. सभागृहात कोणीतरी खोकलं. ती तशीच उभी राहिली, मग रडत खाली उतरली. तिच्या बाई उठून मोठ्यानं म्हणाल्या, "ही परीक्षा आहे की छळ?"

नंतर कोरेगाव भागातली एक मुलगी आली. तिनं दोन वाक्यं म्हटली आणि विसरली. मग पाठ केलेलं सोडून म्हणाली, "आमचे पप्पा सुट्टीवर आले की पहिले दोन दिवस जमिनीवर झोपतात. पलंगावर झोप लागत नाही म्हणतात. आई पण मग खालीच झोपते." आणि उतरली. सरांनी तिला पहिला नंबर दिला. बाकीच्या दोन परीक्षकांनी पाचगणीच्या मुलीला दिला. कोरेगावच्या मुलीला उत्तेजनार्थ मिळालं.

सांगलीच्या एसटीत सर माझ्या शेजारच्या सीटवर बसले होते. मुली मागे गाणी म्हणत होत्या. मला वाटलं, निकालावर चिडलेत. कराड गेल्यावर ते एकदम म्हणाले, "चुकलं माझं."

"काय सर?"

"वाहत्या पोरीला मधीच धरलं. धरायचं असतं ते काठाला ऱ्हाऊन. मी तिला बुडिवलं."

मग खिडकीबाहेर बघत त्यांनी ते सांगितलं. त्यांच्या रानाकडेला एक ओघळ होता. पावसाच्या पाण्यानं कापत नेलेली खोल वाट, वर्षभर कोरडी, तळाला नुसती वाळू. उन्हाळा सरत आला की त्या वाळूत खड्डा खणून पाणी काढायचे. त्यांचा थोरला भाऊ बिरू खाली वाळूत झरा खणत होता, दहा-बारा कोकरं भोवती. सर नऊ वर्षांचे, काठावर भाकरी खात बसलेले. डोक्यावर आभाळ निळंशार. पाऊस पडला होता तो वर कुठेतरी, कोसभर लांब, त्यांना न दिसणारा.

"आधी आवाज आला. ट्रक येतोय असा. मग वळणावर पाणी दिसलं, बाई. पाणी न्हवतंच ते. काट्याकुट्यांची भिंत चालत आल्यागत." सरांनी खिडकीचा गज धरला. "मी लय बोलका हुतो तवा. गावात म्हणायचे, शेंडग्याचं पोरगं पोथी वाचल्यागत बोलतंय. मी काठावरनं वरडलो, 'दादा, पाणी यायलंय, कोकरं सोड, हिकडनं वर ये, तिकडनं नगं, तिकडं दरड हाय', सगळं एका दमात. त्यो वळला आन् माझ्याकडं बघत उभा ऱ्हायला. पोरगं काय म्हणतंय ते ऐकत."

एसटी एका थांब्यावर थांबली, दोघंजण चढले.

"नुसतं 'पळ' म्हणलो असतो तर पळाला असता."



कृष्णेच्या पुराचं वर्ष आलं तेव्हा सर नदीजवळच्या खालच्या गल्लीत राहत होते. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता, धरणातून पाणी सोडलं होतं. भोंगा लावलेली रिक्षा गल्लीबोळातून फिरत होती. त्यातला रेकॉर्ड केलेला आवाज गोड होता. 'पाण्याच्या पातळीत वाढ होण्याची शक्यता असून सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे, अफवांवर विश्वास ठेवू नये, घाबरून जाऊ नये व प्रशासनास सहकार्य करावे.' लोक दारात चहा पीत ऐकायचे आणि आत जायचे. मोबाईलवर तर सकाळपासून तेच तेच फिरत होतं.

दुपारी सर छत्रीशिवाय बाहेर पडले. हे मला मंगलवहिनींनी, सरांच्या बायकोनं, सांगितलं. प्रत्येक दार वाजवायचं, दार उघडलं की माणसाच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "चला." बस. कोणी विचारलं, का, कुठं, किती पाणी, तर पुन्हा "चला." शब्द वाढवायचे नाहीत. बहुतेकजण बाहेर आले. शिक्षक वेडा झालाय की काय, हे बघायला म्हणून काही आले असतील, पण आले.

शेवटच्या घरात बापू होते, माधवनगरच्या गिरणीतून रिटायर झालेले, एकटे. ते दारातून हलेनात. "आवं सर, लय पूर बघितले. मागच्या टायमाला पायरीला लागून गेलं पाणी. बसा, च्या घ्या."

सर त्यांच्या पायरीवर बसले. चहा घेतला नाही, बोलले नाहीत. बापू बोलत राहिले. गिरणीच्या गोष्टी, जुन्या पुरांच्या गोष्टी, एकातून दुसरी. सर नुसते गल्लीच्या टोकाकडे बघत होते. थोड्या वेळानं गटारातून पाणी उलटं वर यायला लागलं. ते गल्लीत पसरलं, पायरीशी आलं, सरांच्या चपला तरंगल्या. सरांनी पाय उचलले नाहीत. बापूंनी आधी चपलांकडे पाहिलं, मग सरांच्या तोंडाकडे, आणि बोलता बोलता गप्प झाले. मग आत जाऊन औषधांची पिशवी घेऊन आले. दोघं मांडीभर पाण्यातून एकमेकांना धरून वरच्या रस्त्याला लागले, तेव्हा गल्लीत दुसरं कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या गल्लीतले दिव्याचे खांब अर्धे बुडाले होते.

माणसं सगळी वाचली. वह्या गेल्या. कपाटाच्या वरच्या फळीवर होत्या, पाणी तिथवर चढलं. चिखल काढायला आम्ही शाळेतले सगळे गेलो होतो. वहिनींनी वह्या पत्र्यावर उन्हात मांडल्या होत्या. शाई सगळ्या पानांवरून उतरून कडेला निळी झाली होती. पेन्सिलीच्या ओळी तेवढ्या कुठे कुठे राहिल्या होत्या, पण त्या कशाखालच्या, ते कळत नव्हतं.

"सर, किती वर्षांचं काम," मी म्हटलं.

"जाऊ दे. डोक्यात हायत सगळे शब्द," ते म्हणाले आणि खराट्यानं चिखल लोटायला लागले.

त्या वाक्याची मला पुढे फार धास्ती बसली.

सुरुवात इतकी लहान होती की आम्ही हसलो. सर टीचररूममध्ये येऊन म्हणाले, "बाई, ते द्या, लिहायचं पांढरं." मी खडू दिला. कोणीतरी म्हणालं, सर कोडं घालतायत. आठवड्यानं खिडकीला 'उजेडाचं' म्हणाले. मग शिपायाला नावानं हाक मारायच्या ऐवजी 'ओ, ते तुम्ही.' दमलेत, आम्ही म्हणायचो. पुराच्या धक्क्यानं झालं असेल.

मला मात्र दुसरीच गोष्ट खटकायला लागली होती. सर भरभर बोलू लागले होते. शब्द हातात घेऊन वजन बघणं बंद झालं होतं. त्यांच्या वर्गावरून जाताना आता आवाज सलग ऐकू यायचा, चढउतारांसह, सुरेख. मुलं खूश होती. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सर आता किती छान शिकवतात. पूर्वी मधेच थांबायचे." मी विचारलं, "आज काय शिकवलं?" ती हसली. विचार केला. म्हणाली, "आठवत नाही, पण छान होतं."

मी वहिनींना फोन केला. सरांचं बोलणं बदललंय, म्हटलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे तुमालाबी दिसतंय व्हय? मला वाटलं मलाच. परवा ताटातल्या मिठाकडं बोट करून म्हणाले, हे काय हाय गं? मी म्हटलं, चेष्टा करता का? तर तोंड असं झालं, बाई, बारक्या पोरागत."

सर रिटायर झाले तेव्हा निरोपाचा कार्यक्रम मोठा झाला. जुने विद्यार्थी आले होते, फौजेतले दोघं रजा काढून आले होते. खालच्या गल्लीतली माणसं मागे उभी होती, बापू पुढे खुर्चीवर. मी बाजूच्या रांगेत वहिनींजवळ बसले होते. सर बोलायला उठले. कागद नव्हता.

"मित्रहो, शाळा म्हणजे काय, तर जे आपण दिलं त्याच्या पलीकडचं जे आपल्याला दिलं जातं, त्या देण्याच्या जवळ उभं राहून आपण जे पाहतो ते. आणि ते पाहणंही एकट्याचं नसतं. ते सगळ्यांच्या हातून होत होत पुढे जातं, आणि पुढे जाताना जे मागे राहतं, तेच खरं तर आपल्या आधी पोचलेलं असतं..."

आवाज भरून आलेला. योग्य जागी थांबणं, योग्य जागी उतरणं. पंधरा मिनिटं. लोक डोळे पुसत होते. बापू मान डोलावत होते. आणि माझ्या अंगावर काटा येत होता. कारण त्या पंधरा मिनिटांत एका माणसाचं नाव नव्हतं, एका गावाचं नव्हतं, एका वस्तूचं नव्हतं. कोण, कुठे, कशासाठी, हे विचारल्याशिवाय ज्यांनी आयुष्यात एक शब्द घेतला नाही, ते सर काहीच सांगत नव्हते. ते सांगणं संपत नव्हतं, एवढंच.

वहिनी माझ्या कानाशी आल्या. "काय म्हणत्यात ओ ते?"

टाळ्या झाल्या. मुख्याध्यापक माईकवर म्हणाले, "काय ओघवतं बोलले सर! आज पहिल्यांदाच त्यांनी मन मोकळं केलं."

हारतुरे झाले. फोटो झाले. गर्दीतून सर माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं थंडगार होती. तोंडावर अजून फोटोसाठीचं हसू होतं, डोळ्यांत ते नव्हतं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "मी काय बोललो?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. छान बोललात, एवढं म्हणता आलं असतं. मला तेही जमलं नाही. त्यांनी माझा चेहरा वाचला, मान हलवली आणि मनगट सोडलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून दाखवली. मी आणि वहिनी सोबत होतो. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. मेंदूचा जो भाग शब्दांचे अर्थ सांभाळतो तो आक्रसत चाललाय, म्हणाले. बोलण्याचा भाग शाबूत आहे. तो बराच काळ शाबूत राहील.

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"म्हणजे बोलणं सहज येत राहील, सर. पण त्यात..." डॉक्टर थांबले.

"नुसतं वाहत ऱ्हाईल," सर म्हणाले.

डॉक्टरांनी मान डोलावली. सर खाली, स्वतःच्या हातांकडे बघत बसले. वहिनींनी पदर तोंडाला लावला. बाहेर आल्यावर रिक्षात बसण्याआधी ते मला म्हणाले, आणि हे त्यांनी त्यांच्या जुन्या चालीनं, एकेक शब्द शोधून म्हटलं, "बाई, एक काम करा. मी वाहायला लागलो की मला अडवा. हात वर करा. मी थांबेन. ज्याचा अर्थ धरता येतोय तेवढंच बोलंन. न्हाईतर गप्प बसंन."

मी दर गुरुवारी शाळा सुटली की स्कूटरनं त्यांच्याकडे जायला लागले. पुरानंतर त्यांनी विश्रामबागेकडे वरच्या बाजूला घर घेतलं होतं. स्वयंपाकघरात पाटावर सर, समोर मी, चुलीशी वहिनी. सर बोलायचे. मी ऐकायची. वाक्यातून वस्तू निघून गेली, माणूस निघून गेला, नुसतं 'जे' आणि 'ते' उरलं, की मी हात वर करायची. सर तोंड मिटायचे. डोळे मिटून मागे जायचे, जिथे शब्द हातातून सुटला तिथपर्यंत. कधी सापडायचा. "विळी!" एकदा ते ओरडले आणि वहिनींच्या पायाखालच्या विळीकडे असं बघितलं, जशी ती घरात आजच आली. कधी सापडायचा नाही. मग ते उरलेला वेळ गप्प बसायचे आणि आम्ही दोघी भाकरी खायचो.

ते अडवणं क्रूर होतं. मला साताऱ्याची ती मुलगी आठवायची. एकदा वहिनी म्हणाल्या, "आता नका करू हात वर. बोलू द्या की. बोलताना बरं वाटतंय त्यास्नी." सरांनी ऐकलं. म्हणाले, "मंगल. बरं वाटतंय. त्येचंच भ्या."

त्यांनी 'मंगल' म्हटलेलं मी ऐकलं ते शेवटचं.

शब्द जात राहिले. आधी लांबचे गेले, मग घरातले. गुरुवारी हात वर करायची वेळ लवकर लवकर येऊ लागली. पहिल्या वाक्याला, मग पहिल्या वाक्याच्या आधी. पावसाळा संपता संपता एका गुरुवारी सर माझ्याशी बोलत होते, फार आपुलकीनं, काहीतरी समजावून सांगत असल्यासारखे, आणि मी हात वर केला. ते माझ्या तळव्याकडे बघत राहिले. बोलणं थांबलं नाही. मग त्यांनी हसून स्वतःचाही हात वर केला, माझ्यासारखाच, आणि तसाच धरून बोलत राहिले. पाहुण्यानं हात केला म्हणून आपणही करावा तसा.

वहिनी तव्याकडे पाठ करून उभ्या होत्या. भाकरी करपल्याचा वास आला तरी त्या वळल्या नाहीत.

मी हात खाली घेतला. त्या दिवसानंतर गुरुवारी मला काही ना काही काम निघायला लागलं. दहावीचे जादा तास, घरी पाहुणे. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. वहिनींचा फोन आला की मी म्हणायची, येते, आणि जायची नाही. त्या कधी रागावल्या नाहीत. एकदा एवढंच म्हणाल्या, "दिवसभर बोलत्यात. झोपंत पण बोलत्यात. ऐकून ऐकून माझे शब्द जातील असं वाटतंय."

मार्चमधली गोष्ट. वसंतदादांच्या पुतळ्याकडून बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर गर्दीत स्कूटर अडकली होती. डावीकडे एक सलून होतं, काचेचं दार उघडं. बाहेरच्या बाकावर मंगलवहिनी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, नजर रस्त्यावर पण रस्ता न बघणारी. मला त्यांनी पाहिलं नाही. मी स्कूटर कडेला घेतली, पण उतरले नाही.

आत खुर्चीत सर होते. गळ्याला पांढरं कापड, गालांवर फेस. फार म्हातारे झाले होते. ते समोरच्या आरशात बघून बोलत होते. आरशातल्या माणसाशी. दोन-तीन वाक्यं बोलायचे आणि मग अदबीनं थांबायचे, मान किंचित पुढे करून, त्या समोरच्याला त्याचं म्हणणं सांगू द्यायचे. आरशातला माणूसही तसाच मान पुढे करून थांबायचा. काही क्षण दोघं एकमेकांची वाट बघायचे. मग सर हसायचे, त्याला जणू पटलं म्हणून, आणि पुन्हा सुरू व्हायचे. शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते. चाल येत होती. चढ, उतार, चढ.

दाराशी आतल्या बाकावर वाट बघत बसलेली दोन गिऱ्हाइकं पेपर खाली ठेवून ऐकत होती. त्यातला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "कुठं प्रोफेसर हुते काय?"

न्हावी खुर्चीमागे उभा होता. हातातला वस्तरा त्यानं सरांच्या गळ्यापासून वीतभर दूर, हवेत धरला होता. बोलणारा गळा हलतो, पातं लावता येत नाही. तो सर थांबायची वाट बघत होता.